स्पंज नळाखाली धुऊ नये

भोक नुसतं बुजवायचं नसतं, ते कधी पडलंच नव्हतं असं दाखवायचं असतं. रफूचं सगळं शास्त्र एवढ्यातच आलं, आणि तीस वर्षांत ते तिच्या बोटांत मुरलं होतं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून ती बसायची, आणि सिगारेटनं जळलेल्या बाह्या, कसरीनं खाल्लेल्या कॉलरी, खिळ्याला अडकून फाटलेले कोट एकामागून एक तिच्या पुढ्यात येऊन पडायचे. कोटाच्या आतल्या शिवणीतून ती त्याच कापडाचे चार धागे उसवून घ्यायची आणि उभं-आडवं विणत जागा अशी मिटवायची, की संध्याकाळी कोटाचा मालक बोट फिरवत राहायचा आणि त्याला काही सापडायचं नाही. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं सांगायचा, "आमच्या बाईंच्या हातून गेलं की पुरावा म्हणून राहत नाही." गिऱ्हाइकं हसायची, आणि तीही हसायची.

घरी मात्र तिच्या बोटांचं कौतुक कुणाला नव्हतं. नवरा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ होता. लाखो लोकांच्या पाण्यात औषध किती टाकायचं हे ठरवण्यात त्याची उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी विद्या त्यानं दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या टाकीत ओतली. तळाला बुटकं गवत, मागे रिबिनीसारखी लांब पानं, मधोमध एका वाकड्या लाकडावर शेवाळ, आणि या सगळ्यातून झुंडीनं फिरणारे निळ्या रेघेचे पंचवीस-तीस बारके मासे. मागच्या काचेला काळा कागद लावल्यामुळे हिरवा रंग उठून दिसायचा. "पाणी दिसलं तर माझं नाव बदला," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि खरंच पाणी दिसायचं नाही. मासे हवेत टांगल्यासारखे वाटायचे. माशांशी तो 'या, बाळांनो, या' अशा आवाजात बोलायचा, जो आवाज त्याला आहे हे तिला लग्नानंतर वीस वर्षांनी त्या टाकीमुळेच कळलं. तिच्यासाठी चुटकी होती. दोनदा वाजवायची. पहिल्या चुटकीला तिनं मान वर करायची, दुसरीला उठायचं. चष्मा, पेपर, पंखा, पाणी, आणि एखाद्या गोष्टीत ती चुकली की "टाकीचं पाणी गढूळ झालं तर साफ करता येतं, तुझ्या डोक्याचं काय करू?" हे ठरलेलं वाक्य. चुटकीची वेळही तो नेमकी साधायचा. एकतीस वर्षांत तिनं एक कप चहा गरम असताना संपवला नव्हता.

तो गेला त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती दोन कप घेऊन बाहेर आली, त्याला त्याचा दिला आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली. त्यानं एक घोट घेतला, "पाणचट" म्हणाला, कप खाली ठेवला, आणि तो हात तसाच छातीवर गेला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या दुसऱ्या हातानं चुटकी वाजवली. मग पुन्हा वाजवली. फोन कोपऱ्यात, चार पावलांवर होता. ती उठली नाही. तिनं कप तोंडाला लावला आणि फुंकर घालत, घोट घोट करत, तळाची साखर येईपर्यंत सगळा चहा प्यायली. तोवर आणखी तीन-चार चुटक्या वाजल्या, शेवटची तर नुसती बोटावर बोट घासल्यासारखी. मग तिनं दोन्ही कप आत नेऊन विसळले, पुसले, फळीवर पालथे घातले, आणि फोन केला. खोटं कशाला बोला, तो चहा तिला फार आवडला होता.

सगळ्यांना तिनं सांगितलं, की मी स्वयंपाकघरात होते, चहा ठेवला होता, बाहेर आले तर हे असे. धागा त्याच कापडाचा असल्यामुळे कुणाला जागा सापडली नाही. फक्त डॉक्टर जाता जाता म्हणाले, "पंधरा मिनिटं आधी कळलं असतं तर कदाचित..." आणि तो 'कदाचित' तिच्या नणंदेनं ऐकला.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, दोन गल्ल्या सोडून राहायची. दादा म्हणजे तिचं दैवत. दादा गेल्यापासून ती रोज दुपारी चारच्या ठोक्याला यायची, दादाच्या खुर्चीत बसायची आणि दोन घोट चहा झाला की विचारायची,

"वहिनी, तुम्ही तेव्हा नक्की कुठे होता हो?"

"सांगितलं ना वन्सं, स्वयंपाकघरात."

"आणि काहीच ऐकू आलं नाही?"

"टाकीच्या पंपाचा आवाज असतो ना."

"हो, तेही खरंच," असं म्हणून नणंद उरलेला चहा प्यायची. आणि दुसऱ्या दिवशी, वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तसा तोच प्रश्न पुन्हा विचारायची. पोरगी एखाद्या दिवशी चुकतेच, हे तिला अनुभवानं माहीत होतं.

टाकीचं पाणी बिघडलं ते तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कुणी हातही लावला नव्हता, आणि तरी ते तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं. मासे आत कुठेतरी होते, कधीमधी एखादी निळी रेघ काचेजवळ येऊन विरून जायची. घरात एवढी माणसं जमलेली असताना तिकडे कोण बघणार? तिला मात्र बरं वाटलं होतं. त्या खोलीत त्या दुपारी तिच्याशिवाय डोळे उघडे असलेलं दुसरं कुणी असेल तर ते मासेच, आणि त्यांच्यावर आपोआप पडदा पडला होता.

महिनाभर नणंदेनं ते चालवून घेतलं. मग एके दिवशी ती टाकी दुरुस्त करणाऱ्याला घेऊनच आली. चाळिशीचा, बडबड्या, पँटच्या गुडघ्यांवर ओले डाग असलेला माणूस. "लोक मला मासेवाला म्हणतात, काकू," तो आल्या आल्या म्हणाला, "त्यामुळे गल्लीतली मांजरं माझ्या पिशवीमागे लागतात, आणि पिशवीत निघतो पाइप." त्यानं टाकीतला जुना फिल्टर काढला, नाक मुरडलं, नवा मोठा बसवला, आणि काळ्या स्पंजाचा ठोकळा हातात धरून तिला नीट समजावून सांगितलं. पाणी काही स्पंज गाळत नाही. स्पंजाच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारी वस्ती असते, ती घाण खाते. वस्ती जगली तर पाणी नितळ, मेली तर दूध. "म्हणून एकच सांगतो काकू, स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं सगळी वस्ती खलास. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात दोनदा पिळायचा, बस." तिनं मान डोलावली. नवऱ्यानं जन्मभर शहराच्या पाण्यात टाकलं ते हेच औषध, एवढी गोष्ट तिच्या लक्षात राहिली.

तिसऱ्या दिवशी दुकानातून लवकर सुटून ती घरी आली, तर पाण्याला भोक पडलं होतं.

गढूळ पाणी नितळतं ते सगळीकडून, हळूहळू, हे तिलाही कळत होतं. पण इथे चारी बाजूंना ते पांढरंच होतं आणि मधोमध, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ताटलीएवढी जागा स्वच्छ झाली होती. कडा अशा, की कात्रीनं कापल्यात. ती वाकली. मागे काळा कागद असल्यामुळे त्या जागेत आरशासारखं तिच्या पाठीमागचं सगळं दिसत होतं, खिडकी, भिंत, खुर्ची. खुर्चीवर निळी उशी होती. तिनं वळून पाहिलं. खुर्चीवर काही नव्हतं. ती उशी तिनं त्याच्या कपड्यांबरोबर दुसऱ्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकली होती. ती पुन्हा वाकली. उशी होती, आणि नुकतंच कुणी टेकून उठावं, किंवा अजून टेकलेलंच असावं, तशी मधोमध दबलेली होती.

तिनं आरडाओरडा केला नाही. ती बाई तसली नव्हती. तिनं बाह्या वर केल्या, फिल्टर उघडला, स्पंज मोरीत नेला, नळ पूर्ण सोडला आणि कपड्यांच्या साबणानं तो घासघासून धुतला. वरून माशांचं आठवड्याचं खाणं एकदमच टाकीत ओतलं. दोन दिवसांत सगळं पुन्हा पांढरंफेक झालं. भोक मिटलं होतं, आणि त्या रात्री तिला महिन्याभरात लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली.

मग हे चालूच राहिलं. मासेवाला यायचा, डोकं खाजवायचा, काहीतरी नवं बसवायचा. आधी दुहेरी स्पंज आणला, मग टाकीखालच्या कपाटात मावणारा बादलीएवढा बंद डबा, ज्यात पाणी एका नळीनं उतरायचं, स्पंजातून, सिरॅमिकच्या नळकांड्यांतून, कापसाच्या गादीतून वर चढायचं आणि दुसऱ्या नळीनं परत जायचं. पंपाचा आवाजही नाही. "आता पाण्याच्या बापाला नितळावं लागेल," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा भोक पडलं, या वेळी परातीएवढं. त्यात उशी होती, खुर्चीचा हात होता, आणि खुर्चीच्या हातावर अंगठी घातलेला माणसाचा हात होता, अंगठा मधल्या बोटाला टेकलेला. शेजारचं स्टूल तेवढं रिकामं होतं. ती त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली, आणि आता यापुढे त्यात कोण येऊन बसणार आहे हे कळल्यावर तिनं काचेवर तळहात ठेवून तेवढी जागा झाकली. मेलेल्या नवऱ्याची तिला भीती नव्हती. तो जिवंत असतानाच ती फिटली होती. तिला भीती त्या कपवाल्या बाईची होती, कारण रोज चार वाजता त्याच खुर्चीत, त्याच उंचीवर, नणंदेचे डोळे येऊन बसत होते.

तिनं डबा उघडून सगळंच नळाखाली धुतलं, नळकांडीन् नळकांडी. एकदा दिवसभर पंप बंद ठेवला. एकदा टाकीवर चादर टाकली, ती नणंदेनं आल्या आल्या ओढून काढली आणि घडी घालून तिच्या हातात दिली. मासे तरी मरावेत, तर तेही नाही. एवढ्या घाणीत एकही दगावला नाही, आणि झाडं तर माजली होती. शेवटी तिनं सरळच सांगून पाहिलं.

"वन्सं, टाकी देऊन टाकू या कुणाला तरी. मला नाही जमत आता."

"दादाचा जीव होता त्यात."

"हो, पण..."

"माणूस गेला, आता टाकी पण घालवायची म्हणता?" नणंद गोड आवाजात म्हणाली. "वहिनी, लोक काय म्हणतील?"

घसरायचं कुठे हे माणसाच्या हातात नसतं. एका दुपारी मासेवाला डबा उघडून बसला होता, आणि नणंद त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिनं दोन बोटांनी स्पंज उचलला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरला.

"याला साबणाचा वास कसा येतो हो?"

मासेवाल्यानं हुंगलं. त्याचा चेहरा पडला, कुणी त्याचं पोर मारल्यासारखा. "काकू, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं..."

"विसरले," ती म्हणाली.

"तुम्ही?" नणंद म्हणाली. स्पंज तिनं परत डब्यात ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. त्याच संध्याकाळी मासेवाल्यानं आपल्या दुकानातल्या मोठ्या टाकीतला, पंधरा वर्षं न धुतलेला, गाळानं जड झालेला स्पंज आणून डब्यात घातला. "विरजण म्हणा ना," तो म्हणाला, "तयार वस्ती आहे. आता काही करावं लागणार नाही." आणि टाकीखालच्या कपाटाला नणंदेनं पिशवीतून आणलेलं छोटं कुलूप लावलं. किल्ली तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तिच्या हातात कुलूप तयारच होतं, म्हणजे ती ते दुपारी येतानाच घरून घेऊन आली होती.

पुढचे दहा दिवस टाकीकडे न बघता ती त्या घरात राहिली. दिवाणखान्यातून जाताना भिंतीकडे तोंड करायची. दुकानात जास्तीचं काम मागून घ्यायची, अंधार पडेपर्यंत बसायची, नणंदेला चहा करून द्यायला मात्र चारला घरी येऊन जायची. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला कळत होतं, की खोलीतला तो पांढरा कोपरा रोज थोडा काळा होतोय. नवव्या दिवशी एक गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. बाहीवर बोट ठेवून म्हणालं, "बाई, इथे दिसतंय." तिनं उजेडात धरून पाहिलं. भोक जसंच्या तसं होतं. कडेनं टाके घातलेले, आणि मध्ये उघडं. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. दुकानाच्या मालकानं वय झालं म्हणून थट्टा केली, आणि तिनं कोट परत घेतला.

दहाव्या दिवशी नणंदेचा दुकानात फोन आला. घराची जादा किल्ली दादानंच तिला देऊन ठेवली होती. "लवकर या वहिनी. झालं बघा."

ती गेली तेव्हा मासेवाला पिशवी आवरत होता. तोंडावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद. "पाणी दिसलं तर माझं नाव बदला, काकू," तो म्हणाला. नवऱ्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं आणि हे वाक्य त्याला कुणी सांगितलं असायचं कारण नव्हतं. तो गेला. नणंद खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, पर्स मांडीवर. उन्हाची तिरीप त्या दिवशी पडली होती तशीच फरशीवर पडली होती.

"चहा करता ना?" नणंद म्हणाली. तिनं मान वळवली नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळलं, साखर पडली, दूध पडलं. नवा पंप मुका होता, त्यामुळे घर इतकं शांत होतं की बाहेर खुर्ची नुसती करकरली असती तरी ऐकू आली असती. तिनं दोन कप भरले, आणि तेवढ्यात बाहेर चुटकी वाजली. मान वर झाली. दुसरी वाजली, आणि तिला काही कळायच्या आत पाय चालू लागले.

नणंदेचे दोन्ही हात पर्सवर होते, बोटं एकमेकांत गुंतवलेली. चुटकी त्या हातांची नव्हती. तिनं ट्रे ठेवला आणि टाकीकडे पाहायचं नाही म्हणून नणंदेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते त्याहून वाईट ठरलं. नणंदेचे डोळे पाण्यावर होते आणि ते हलत होते. आधी खुर्चीच्या जागी खिळले होते, आणि त्यांत पाणी साठत होतं. मग ते थोडे डावीकडे सरकले, जिथे स्टूल यायला हवं तिथे, आणि तिथेच थांबले. एक कप चहा प्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबले. डोळ्यांतलं पाणी आटलं. मग ते कुणीतरी उठून चालावं तसे स्वयंपाकघराच्या दाराच्या बाजूला गेले, दोन कप विसळायला, पुसायला, पालथे घालायला लागेल तेवढा वेळ दाराशी वाट पाहत राहिले, पुन्हा बाहेर आले, आणि सावकाश फोनच्या कोपऱ्याशी जाऊन मिटले.

तिला म्हणायचं होतं, वन्सं, एकतीस वर्षं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

नणंदेनं डोळे न उघडताच हात लांब केला, ट्रेमधला एक कप उचलला आणि तिच्यापुढे धरला. शाळेत चुकलेल्या पोरीला जवळ घेऊन समजवावं तसा तिचा आवाज मऊ होता.

"बसा वहिनी. उभ्या का? आधी चहा संपवा, गरम आहे तोवर. फोन काय, मागाहूनही करता येतो."

ती स्टुलावर बसली. चहा खरंच गरम होता.